रन-फ्लॅट टायर काढले म्हणून हवा कमी करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘टायर फुटल्याने मोटार उलटली’ ही ओळ एप्रिल-मे महिन्यांत आपल्या अंकात वरचेवर वाचायला मिळते. बातमीत गाडीचा वेग असतो, चालकाचे गाव असते, जखमींना कुठे हलवले ते असते. टायरमध्ये हवा किती होती, हे मात्र कधीच नसते. मी एसटीच्या टायर विभागात ३१ वर्षे नोकरी केली, त्यामुळे माझी नजर आधी तेच शोधते. चांगला टायर सहसा एकाएकी फुटत नाही. कित्येक दिवस तो कमी हवेवर पळालेला असतो, आतून शिजत आलेला असतो, आणि मग एखाद्या दुपारी एका खड्ड्याचे निमित्त होते. यंदाच्या मे महिन्यात आमच्या घरातली पाच माणसे अशा बातमीत जाता जाता वाचली, म्हणून हे पत्र. लांबले आहे. काटछाट करावी लागलीच तर आकडे तेवढे ठेवावेत, ही विनंती.

माझा मुलगा पुण्यात असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने जर्मन बनावटीची एक सेडान सेकंडहँड घेतली. तिला कंपनीचेच रन-फ्लॅट टायर होते. ज्यांनी हे टायर पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. यांची बाजूची भिंत आतून जाड रबराने भक्कम केलेली असते. पंक्चर होऊन सगळी हवा गेली तरी टायर लोळत नाही, त्या भिंतीवर उभा राहतो. ताशी ८०च्या आत राहिलात तर साधारण ८० किलोमीटर जाऊन टायरवाल्याचे दुकान गाठता येते. म्हणूनच अशा बहुतेक गाड्यांत स्टेपनी नसते. रात्री-अपरात्री बायकामुलांना घेऊन निघालेल्या माणसाला हा मोठा आधार आहे. पण भिंत कडक असल्याने प्रत्येक खड्डा थेट कमरेत बसतो, आणि किंमत तर जवळपास दुप्पट. आमचे चारही टायर झिजून खुणेला टेकले तेव्हा रन-फ्लॅटचा भाव एका नगाला साडेबावीस हजार सांगितला गेला आणि त्याच मापाच्या साध्या ट्यूबलेसचा साडेबारा. चार टायरांत चाळीस हजारांचा फरक. मुलाने मला फोनवर विचारले, मीही साधे घे म्हणालो. टायर चांगल्या कंपनीचे, ताज्या तारखेचे. माप जुनेच, २२५/५० आर १७, आणि मापापुढचा वजनाचा आकडाही जुनाच, ९४, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ६७० किलो. इथवर सगळे बरोबर झाले.

हवा भरताना दुकानातला कारागीर म्हणाला, “साहेब, रन-फ्लॅट काढले ना, आता चारही अठ्ठावीसवर ठेवा. गादीवर बसल्यासारखं वाटेल.” नायट्रोजन भरला, गाडीच्या पडद्यावर जाऊन टायरची सूचना देणारी यंत्रणा ‘रीसेट’ केली, अलाइनमेंट-बॅलन्सिंगसह बिल हातात दिले. बिलावर टायरचे नाव, नग, जीएसटी, सगळे होते. हवा किती भरली ते कुठेच नव्हते. मुलगा खूश. गाडी खरोखरच मऊ चालत होती. रन-फ्लॅटची दणदण सोसलेल्या माणसाला मऊ चाललेली गाडी म्हणजे सुधारलेलीच गाडी वाटणार, त्यात त्याचा दोष नाही.

तीन आठवड्यांनी सुनेच्या मामेबहिणीचे लग्न नागपूरला होते. आम्ही दोघे साताऱ्याहून आदल्या दिवशी पुण्याला आलो. मुलगा, सून, नातू आणि आम्ही दोघे अशी पाच माणसे. डिकीत लग्नघरच्या बॅगा, आहेराचे खोके आणि आमच्या मंडळींनी बरोबर घेतलेला आंब्यांचा पेटारा. सकाळी सहाला निघालो. छत्रपती संभाजीनगरला माझ्या बहिणीकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सावंगीला समृद्धीवर चढून थेट नागपूर, असा बेत होता. पुणे-नगर रस्त्याला लागलो की मला दरवेळी आठवते, एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला याच रस्त्यावर धावली. नातवाला ते सांगत होतो. मागच्या बाकावर डावीकडे बसलो होतो, आणि शिरूर सोडल्यापासून मला ती बाजू वळणावर जरा जास्त झुलते आहे असे वाटत होते. वजन जास्त आहे म्हणून असेल, असे म्हणून गप्प बसलो.

साडेदहाच्या सुमारास नेवासा फाट्यावर चहाला थांबलो. गाडी थांबली की टायरला हात लावायचा, ही माझी नोकरीतली सवय. बस आगारात आली की आम्ही फेरी मारायचो. एका हातात टॉमी, म्हणजे टायरवाल्यांचा लोखंडी दांडा, त्याने टायरवर ठोका द्यायचा आणि आवाज ऐकायचा. भरलेला टायर ठणकतो, बसलेला धप्प बोलतो. मागच्या जोडचाकांत आतल्या टायरची हवा गेली तर नुसत्या डोळ्यांना कळत नाही, कारण बाहेरचा त्याचे ओझे घेऊन उभा असतो. ठोक्याला मात्र लगेच कळते. दुसऱ्या हाताची पालथी बाजू टायरच्या भिंतीला लावायची. सगळे टायर सारखे कोमट असले तर ठीक. एखादा जास्त तापला असेल तर त्यात हवा कमी, नाहीतर ब्रेक चिकटलेला.

मोटारीच्या टायरला टॉमीचा ठोका कामाचा नाही, पण हात चालतो. पुढच्या टायरांना हात लावला, गरम होते पण हात ठेवता येत होता. मागच्या डाव्या टायरच्या भिंतीला, रस्त्याला टेकणाऱ्या कडेच्या जरा वर, हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. उजव्याचे तेच. खाली बसून बघितले. नव्या टायरवर साच्यातून निघताना राहिलेले रबराचे बारीक केस असतात. कडेपासून वर भिंतीवर दोन बोटांपर्यंत ते केस साफ घासून गेले होते आणि तेवढ्या पट्ट्यात रस्त्याची मातकट धूळ चोपडली गेली होती. त्याच्या वरचे केस जसेच्या तसे. याचा अर्थ एकच होता. टायर नक्षीवर चालायचा तो कडेवर लोळून भिंतीवर चालत होता.

मुलाला म्हटले, “आधी हवा बघ.” तो म्हणाला, “अण्णा, हवा कमी असती तर गाडीनं वॉर्निंग दिली असती.” शेजारीच पंप होता. तिथल्या डिजिटल मशीनवर मागच्या दोन्ही टायरांत ३३ आली. मुलाचा जीव भांड्यात पडला. “बघा, बत्तीस लागते, तेहतीस आहे.” पंपावरचा पोरगाही लगेच म्हणाला, “काका, एक जास्त आहे. सोडू का?”

संपादक महाराज, मला या पत्रात जे सांगायचे आहे ते सगळे या एका क्षणात आहे. मशीन खोटे बोलत नव्हते. पोरगा प्रामाणिक होता. माझा मुलगा इंजिनिअर आहे. आणि तिघेही पाच माणसे बसणार असलेल्या गाडीच्या तापलेल्या टायरमधली हवा आणखी कमी करायला निघाले होते, किंवा निदान ती पुरेशी समजत होते.

मी मुलाला ड्रायव्हरचे दार उघडायला लावले. दार जिथे बंद होते त्या खांबावर एक लहान पट्टी चिकटवलेली असते. जवळपास प्रत्येक मोटारीत असते. कुठे दाराच्या कडेला, कुठे पेट्रोलच्या झाकणामागे. आमच्या गाडीच्या पट्टीवर तीन माणसांपर्यंत पुढे ३२ आणि मागे ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचे माप, दर चौरस इंचाला इतके पौंड) लिहिले होते, आणि गाडी पूर्ण भरलेली असेल तर पुढे ३५ व मागे ३८. हे आकडे थंड टायरचे असतात. म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आहे, किंवा घरापासून जेमतेम एक-दोन किलोमीटर चालली आहे, आणि उन्हात तापलेली नाही. आम्ही चार तास चालून आलो होतो. टायर तापला की आतली हवा फुगते. मोटारीच्या टायरमध्ये दर १० अंश सेल्सिअसला दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. दुकानात भरलेली २८ तापून ३३ झाली होती. पाहिजे होती थंडीत ३८. मशीनवर एक जास्त दिसत होती, प्रत्यक्षात दहा कमी होती.

गरम टायरमधली हवा कधीही सोडू नये, हा एसटीत पहिल्या आठवड्यात शिकवलेला धडा. आता गरम टायरमध्ये भरायची किती? उत्तम म्हणजे सावलीत थांबून थंड होऊ द्यावा आणि मग भरावी. आम्ही तासभर थांबलो, पण मे महिन्याच्या उन्हात टायर काही थंड होईना. तेव्हा पट्टीवरच्या आकड्यात वाढलेली पाच मिळवून मागे ४३ आणि पुढे ४० भरून घेतली, ताशी ८०च्या आत संभाजीनगर गाठले. रात्रभर गाडी बहिणीच्या अंगणात उभी होती. सकाळी सहाला मी माझा जुना काट्याचा गेज लावला. मागे ३७, पुढे ३५. पायपंपाने मागे एक-एक वाढवली आणि मगच निघालो. नागपूरपर्यंत दर थांब्यावर हात लावत गेलो. भिंत गरम होती, चटका कुठेच नव्हता. झुलणे तर संभाजीनगरच्या बाहेर पडतानाच थांबले होते.

आता, त्या कारागिराचे म्हणणे का चूक ते सांगतो, कारण असे सांगणारा तो एकटा नाही. परत आल्यावर मी पुण्यात आणखी चार दुकानांत जाऊन विचारले. एकाने ३० सांगितले. एकाने उलट सांगितले, साध्या टायरची भिंत नरम, म्हणून ४० भरा. एकाने टायरच्या भिंतीवर कोरलेला कमाल दाबाचा आकडा वाचून दाखवला आणि त्याच्या आसपास ठेवा म्हणाला. तो आकडा टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा आहे, गाडीला किती लागते त्याचा नव्हे. दाराजवळची पट्टी बघून सांगणारा चौघांत एकच निघाला.

गाडीचे वजन टायर पेलत नाही, आतली हवा पेलते. हिशेब सोपा आहे. भरलेल्या गाडीच्या मागच्या एका चाकावर ५०० किलो वजन धरा. ३८ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण पावणेतीन किलोचा दाब. तेवढ्या दाबाला ५०० किलो पेलायला रस्त्यावर साधारण १९० चौरस सेंटिमीटर जागा लागते, म्हणजे बोटांसकट एक मोठा पंजा. हवा २८ वर आणली तर दाब दोन किलोवर येतो आणि जागा अडीचशे लागते. ही जादा जागा टायर आणतो कुठून? स्वतः चपटा होऊन, भिंत वाकवून. आमच्या मापाचा टायर एका फेऱ्यात दोन मीटरहून थोडे जास्त अंतर जातो. समृद्धीवर मोटारीला ताशी १२०ची मुभा आहे. त्या वेगाला चाक सेकंदाला १६ फेरे घेते, म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला १६ वेळा वाकतो आणि सरळ होतो. लोखंडी तार दोन्ही हातांत धरून वाकवत राहिले की ती गरम होते आणि मग तुटते, हे लहानपणी सगळ्यांनी करून बघितले आहे. टायरचे तेच होते. रबर आणि आतला दोरा एकमेकांपासून सुटू लागतात, आणि हे बाहेरून दिसत नाही.

रन-फ्लॅटची भिंत एवढी कडक असते की हवा पाच-सात कमी झाली तरी ती फार वाकत नाही. मालकाच्या चुका तो टायर पोटात घालतो. (कायमच्या नव्हे, कमी हवेवर फिरवला तर त्याचीही वाट लागते.) साधा टायर घालत नाही. म्हणजे रन-फ्लॅट काढून साधे बसवल्यावर हवेकडे जास्त लक्ष द्यायला हवे, आणि आपल्याकडे सल्ला मिळतो तो कमी करण्याचा. पट्टीवरचा आकडा गाडीचे वजन आणि टायरचे माप यांवरून काढलेला असतो. गाडी तीच, माप तेच, वजनाचा आकडा तोच, तर हवाही तीच. आराम हवा म्हणून त्याखाली जाऊ नये. साधा टायर पट्टीवरच्या पूर्ण हवेतही रन-फ्लॅटपेक्षा मऊच चालतो. आमची गाडी आज ३२-३५ वर चालते आणि माझ्या कमरेची तक्रार नाही. स्टिअरिंग जरा ढिले वाटते म्हणून कोणी एक-दोन पीएसआय वर ठेवले तर हरकत नाही. थेट ४० करू नये. मग टायर मधोमध झिजतो आणि पावसात ब्रेक लावताना रस्त्यावर टेकणारी जागाच कमी पडते.

आणखी एक गोष्ट दुकानात विचारून घ्यावी. मापापुढचा वजनाचा आकडा जुन्यापेक्षा कमी असलेला टायर, कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. आणि टायरवर ‘एक्सएल’ (जादा वजन पेलणारा टायर) असेल तर त्याची जादा ताकद जादा हवेतूनच येते हे लक्षात ठेवावे. हवा कमी ठेवून एक्सएल वापरणे म्हणजे पैसेही जादा देणे आणि ओझेही न पेलणे. एकाच आसावर एका बाजूला रन-फ्लॅट आणि दुसऱ्या बाजूला साधा असे तर मुळीच नको. एक टायर खराब झाला म्हणून तसे बसवून दिलेले मी पाहिले आहे.

गाडीने सूचना का दिली नाही, हा मुलाचा प्रश्न रास्त होता. सगळ्या गाड्यांत चाकाच्या आत दाब मोजणारे यंत्र नसते. आमच्या गाडीत नाही. ती ब्रेकच्या एबीएसकडून, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडून, चारही चाकांचे फेरे मोजते. हवा कमी झालेले चाक जरासे लहान होते, म्हणून इतरांपेक्षा जास्त फेरे घेते, आणि त्यावरून गाडी ओळखते. चारही टायरांत हवा सारखीच कमी असेल तर तिला फरक दिसणार कुठून? त्यात ‘रीसेट’ करणे म्हणजे गाडीला सांगणे, की आत्ता आहे ते बरोबर आहे. दुकानदाराने २८ भरून रीसेट केले, गाडीने २८ हीच खरी हवा मानली. म्हणून क्रम असा हवा, की आधी थंड टायरमध्ये पट्टीप्रमाणे हवा भरायची, स्वतःच्या गेजने खात्री करायची आणि मग रीसेट करायचे. पाच माणसांसाठी हवा वाढवली तर पुन्हा रीसेट, परत आल्यावर कमी केली तर पुन्हा. दोन मिनिटांचे काम आहे.

नायट्रोजनबद्दल एवढेच, की आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के तोच असतो. भरायला हरकत नाही. पण ‘नायट्रोजन आहे, चार महिने बघायला नको’ हे जे वर सांगतात ते धोक्याचे आहे. तोही तापला की फुगतो आणि व्हॉल्व्ह गळका असेल तर तोही निघून जातो.

आणि स्टेपनी. रन-फ्लॅट काढताना ८० किलोमीटरचा आधारही काढला, हे गाडी घरी आणेपर्यंत मुलाच्या ध्यानात आले नव्हते. साध्या टायरची हवा गेली की शंभर-दोनशे मीटरही रेटू नये, भिंत कापली जाते आणि टायर कामातून जातो. २०२० साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून, ट्यूबलेस टायर, दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती काढली. पण संच गाडीत असला पाहिजे ना! रन-फ्लॅटच्या जुन्या गाडीत स्टेपनीही नसते आणि संचही नसतो, कारण दोन्हीची गरजच नव्हती. आम्ही आता डिकीत गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप, पंक्चरच्या रबरी काड्या, त्या भरायचा सुई-कानशीचा संच आणि एक चांगला काट्याचा गेज ठेवला आहे. सगळे मिळून एका टायरच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी पैशांत झाले. भिंतच फाटली तर यातले काही कामाचे नाही, हेही मी मुलाला सांगून ठेवले आहे. लांब जाताना तो आता एका दुकानातून बारीक स्टेपनी भाड्याने आणतो.

लग्नाहून परतल्यावर मी त्या दुकानात गेलो. भांडायला नव्हे. कारागीर पंचविशीचा, हाताने चांगला. टायर रिमवर चढवताना कडेला साबणाचे पाणी व्यवस्थित लावत होता, व्हॉल्व्ह नवा घालत होता, नट आडवे-तिडवे आवळत होता. त्याला पट्टी दाखवली, टायरवरचा घासलेला पट्टा दाखवला. त्याने त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “काका, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. गिऱ्हाईक म्हणतं गाडी आदळते, मग आम्ही हवा कमी करतो.” मला त्याचे खरे वाटले. आम्हाला एसटीत साहेबांनी शिकवले, दोन गेज एकमेकांशी ताडून बघायला लावले, लॉक रिंगच्या रिमचा (लोखंडी कडीने टायर अडकवलेल्या चाकाचा) टायर लोखंडी पिंजऱ्यात न ठेवता हवा भरताना कुणी दिसला तर सगळ्यांसमोर झापले. या पोरांना शिकवणारे कुणी नाही. त्याने माझ्यासमोर आमच्या जुन्या बिलाच्या पाठीवर पेनने लिहून दिले, ‘पुढे ३२, मागे ३५, थंड. फुल लोड ३५/३८.’ ते बिल मुलाने गाडीच्या कागदपत्रांत ठेवले आहे.

आपल्या दैनिकामार्फत माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली टायर कंपन्यांकडे. आपल्या विक्रेत्यांना बिलावर हवेची एक ओळ सक्तीची करा, किती भरली आणि टायर थंड होता की गरम. आणि रन-फ्लॅट काढून साधे बसवत असाल तर गिऱ्हाइकाला स्टेपनीचे काय, हे तोंडाने विचारा. दुसरी मागणी पेट्रोल पंपांबाबत. मोफत हवा ही पंपाने द्यायची सोय आहे, तरी ‘मशीन बंद आहे’ हा पुठ्ठा किती पंपांवर लटकलेला असतो ते प्रत्येक वाचक जाणतो. जिथे चालू आहे तिथे ते खरे दाखवते का? पंपावर पाच लिटरचे माप मागून आपण पेट्रोल तपासून घेऊ शकतो. हवेच्या मशीनलाही तसाच तपासणीचा शिक्का आणि तारीख हवी. साताऱ्यात मी माझा गेज घेऊन तीन पंपांवर फिरलो. एकाच टायरमध्ये दोन मशीनांत चार पीएसआयचा फरक आला.

तिसरी मागणी परिवहन विभागाकडे. समृद्धीवर गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवण्याची मोहीम विभागाने राबवली, ते फार चांगले केले. पण नक्षी डोळ्यांना दिसते, हवा दिसत नाही, आणि नव्याकोऱ्या टायरातही ती कमी असू शकते, आमच्यासारखी. आता हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण खुला आहे आणि तासन्‌तास एका वेगाने, तापलेल्या काँक्रीटवरून गाड्या पळतात. प्रवेशाच्या नाक्यावर येणारा प्रत्येक टायर गरम असतो, त्यामुळे तिथे गेज लावून उपयोग थोडा. त्याऐवजी संभाजीनगर, नाशिक, नागपूर इथल्या पंपांवर, जिथून लोक पहाटे निघतात तिथे, मोठ्या अक्षरांत फलक लावा, ‘निघण्याआधी दाराजवळची पट्टी वाचा. माणसे किती, त्याप्रमाणे थंड टायरमध्ये हवा भरा.’ खर्च एका फलकाचा आहे.

आणि एक विनंती आपल्याकडे. पुढच्या वेळी टायर फुटल्याची बातमी येईल तेव्हा आपल्या बातमीदाराने पंचनामा करणाऱ्या पोलिसांना एक प्रश्न विचारावा. फुटलेला टायर काही सांगू शकत नाही, पण उरलेले तीन जाग्यावर असतात. गाडी थंड झाल्यावर त्या तिघांत हवा किती निघाली आणि पट्टीवर किती लिहिली होती, हे दोन आकडे बातमीत छापावेत.

आपला विश्वासू,
एसटीच्या टायर विभागातून निवृत्त झालेला एक वाचक, सातारा